वाळूची बादली

बेतूलच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझी सात फुटांची खोली.
आत नुसती फरशी.
गादी नाही, खोका नाही, कालचं वर्तमानपत्रसुद्धा नाही.
भिंतीवर अकरा चार्जर, प्रत्येकाखाली खडूने नाव:
रुझारियोच्या विजेरीचा, पागींच्या होडीचा,
आणि एक, ज्याचा मालक बोटीवर गेला तो गेलाच.

लोक म्हणतात, चार्जर तो चार्जर,
भोकात बसला की झालं.
मी म्हणते, दुसऱ्याची चप्पलही बसते पायात,
चालून बघ बाळ्ळीपर्यंत.

माझा बाप केप्याच्या डोंगरात काजूची भट्टी लावायचा.
जाळाजवळून हलायचा नाही.
जेवण तिथेच, भांडणही तिथूनच.
म्हणायचा, जाळ हा पाहुणा गो,
पाहुण्याला एकटं टाकून कुणी झोपतं?
तेवढंच त्याच्याकडून शिकले.
बाकीचं मडगावच्या आयटीआयमध्ये,
एका जुन्या मीटरवर, ज्याचा काटा थरथरायचा.

चार पूर्णांक दोन. एका सेलचा काठ तेवढाच.
भाताची पायली शिगोशीग भरावी,
सेल काठाशी थांबवावा.
आधी तो घटाघटा पितो,
मग घोट घोट,
मग थेंब,
आणि थेंब आटला की बाजूला.
पाजतच राहणं ही माया नव्हे.

तिनाच्या खाली उतरून आलेल्याला आधी पेज,
अगदी हळू, हात लावून बघत, तापतोय का.
दुखण्यातून उठलेल्याला पहिल्याच दिवशी
सुंगटांची आमटी वाढतात का?
आणि महिनोनमहिने उपाशी पडलेला आला
तर मी परत करते.
काही उपास सुटत नाहीत.

ऑगस्ट सरत होता. होड्या नुकत्याच सुटलेल्या.
तिन्हीसांजेला कुष्टा पागी आला, दिव्याची बॅटरी घेऊन.
पोट सुटलेलं तिचं.
"खाऱ्या पाण्यात पडली गो मात्शी. उन्हात सुकवली. फाल्यां जाय."
उन्हात!
हातात घेतली तर कोमट,
आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास.
म्हटलं, ही आता होणार नाही.
म्हणाला, सुई टोचून हवा काढू.
म्हटलं, फुगा आहे का तो?
म्हणाला, तू नको करूस, मी घरी लावतो, उशाशी,
रात्रभर.

उशाशी त्याच्या सुलक्षा निजते, चार वर्षांची.

मी काही बोलले नाही.
बॅटरी घेतली, बाहेर गेले,
कोरड्या वाळूच्या बादलीत पुरली, भिंतीपासून लांब,
वरून झाकण नाही, नुसती वाळू.
कुष्टा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.
माझ्या आईपर्यंत पोचला.
मग मी माझा दिवा काढून दिला.
वापरात नसलेलं मी अर्धंच भरून ठेवते,
भरगच्चही नाही, कोरडंही नाही.
हे सांगायचं राहिलं. तो धक्का उतरून गेला होता.

अडीचच्या सुमाराला कारखान्याचं कुत्रं भुंकलं.
बादली फुसफुसत होती,
कढईत ओलं काही पडावं तशी.
पांढरा धूर, खाडीकडे वाकलेला.
मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहिले, तोंडाला पदर,
जवळ गेले नाही.
वाळू एकदा उसळली, दोनदा,
मग बसली.
तरी उजाडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

आठ वाजता कुष्टा आला.
चुडतात ओवलेले सात बांगडे माझ्या पायरीवर ठेवले.
बादलीकडे बघितलं,
काळ्या पडलेल्या वाळूकडे,
पत्र्याच्या वितळलेल्या रंगाकडे.
बराच वेळ बघितलं.

मग म्हणाला,
"तुझा दिवा लवकर विझला."

अर्धाच होता, मी म्हटलं.