दार राहिलेलं घर

बावीस वर्षांत सहा घरं झाली,
सगळी भाड्याची,
आणि प्रत्येक घरमालकाची पहिली अट एकच:
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
खडका रोडचे वाणीकाका तर
दर दिवाळीला भिंतीवरून तळहात फिरवून जायचे,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.
कॅलेंडर आम्ही दाराच्या कडीला अडकवायचो.
दार उघडलं की महिना हलायचा.

आता जामनेर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
बँकेची आणि आमची मिळून एक भिंत आहे.
दहा बाय साडेनऊ. पांढरी.
रंग वाळून चार महिने झाले,
अजून कोणी तिला टेकून बसत नाही.

हे म्हणाले, समुद्र लावू.
तयार मिळतो बाजारात, अडीचशेला,
होडी, बुडता सूर्य, काचेसकट.
मी म्हटलं, समुद्र कुठला आपला?
आपण तर तापीला पाणी आलं तरी
पुलावर गाडी थांबवून बघतो.
मुलगा म्हणाला, घोडे. सात. धावणारे.
जिन्यातल्या सगळ्यांकडे तेच धावतायत,
आणि पोचलेला एकही नाही.

शेवटी पत्र्याच्या पेटीतून मीच काढलं
डांबरगोळीच्या वासाचं,
फैजपूरला, लग्नाआधीच्या उन्हाळ्यात भरलेलं
दुसुतीवरचं घर.
नमुन्याच्या पुस्तकातलं, विलायती.
उतरतं छप्पर, धुराडं, वर बर्फ.
बाहेर पंचेचाळीसचा पारा,
केळीची पानं कडेनं करपत होती
आणि मी पांढऱ्या दोऱ्यानं
फुली फुली बर्फ पाडत होते.
छप्पर झालं, खिडक्या झाल्या,
दाराशी आले आणि तपकिरी लडी संपली.
लडीसाठी जळगावला जायचं होतं.
त्याच आठवड्यात पाहुणे आले बघायला.

फ्रेमवाल्या फकिरा मिस्त्रींनी कापड उजेडात धरलं.
"ताई, याले दार कुठी हाये?"
राहिलं.
"मंग टाका ना दोन टाके, मी थांबतो."
तपकिरी दोरा आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो.
मी विचारलं, साधी काच आणि बिनचमकेची,
फरक किती?
दीडशे रुपये.
मग साधीच.

कोल्हेंकडून ड्रिल आणलं.
यांनी लोको शेडमधली लेव्हल लावली,
बुडबुडा मधोमध आणला,
श्वास रोखून भोक पाडलं.
विटेची लाल भुकटी फरशीवर सांडली.
मी ती लगेच पुसली नाही.
टांगलं. समोर उभी राहिले
तर मान वर करावी लागली,
देवळात करतात तशी.
"कोणाच्या उंचीनं लावलं?"
हे जरा वेळ ड्रिलकडेच बघत राहिले.
मग म्हणाले, ये, इथं उभी राहा.
माझ्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिल टेकवली,
आणि सात बोटं खाली
दुसरं भोक.
पहिलं वर उघडंच आहे.
मुलगा म्हणतो, पुट्टी भरू.
मी म्हटलं, राहू दे,
वाणीकाका आले कधी तर दाखवायला.

दुपारी चारला गॅलरीतून ऊन आत येतं,
समोरच्या दारावर पडतं,
आणि काचेत ते घर दिसेनासं होतं.
बर्फ जातो, खिडक्या जातात.
दिसतं आमचंच दार,
त्याची कडी, खाली पायपुसणं.
अगदी जिथं राहिलं होतं तिथं.
नाही, अगदी तिथं नाही.
जरा डावीकडे, धुराड्याच्या अंगाला.
चार दिवस झाले, मी बघतेय.
दोन बोटं सरकवलं
तर बरोबर बसेल.

हे चहाची बशी खाली ठेवून म्हणाले,
"आता भिंतीला हात लावायचा नाही."
हुबेहूब वाणीकाकांच्या आवाजात.

ड्रिल मी अजून कोल्हेंना परत केलेलं नाही.