कशानं काय विरघळतं

उद्यमनगरात आमचं दुकान, लेथच्या दोन शेडमध्ये
पाचर मारल्यासारखं. पाटीवर अजून अब्बांचंच नाव:
दस्तगीर शिकलगार, धार व पॉलिश.
कात्र्या येतात, विळ्या येतात, लग्नसराईत भाड्याच्या तलवारी.
पाईप वर्षाला दोन. तीन आले तर मी पेढे वाटीन.

आवटी सर आले ते गळ्याला रुमाल बांधून.
रुमालाआड भोक. आवाज मिरजेला काढून ठेवला.
चाळीस वर्षं बीजगणित शिकवलेला माणूस,
आता खिशात वही, वहीला दोऱ्यानं पेन्सिल.
लिहिलं: ओढायचा नाही. स्वच्छ करून पाहिजे.
आणि पाईप ठेवला.
ब्रायरचं लाकूड, कड जळून खाल्लेली,
तोंडाकडची नळी अंबरची, मधाच्या खड्यासारखी,
तिच्यावर दोन दात उमटलेले.

ॲसिटोन आधीच बाद. ते विचारत नाही,
रंग काय, लाख काय, सगळं एका घासात.
रॉकेल भाडेकरूसारखं, एकदा शिरलं की निघत नाही.
स्टोव्हचं निळं स्पिरिट स्वस्त, पण त्यात विष कालवलेलं.
जी वस्तू कधी ओठाला लागली
तिला ते लावायचं नाही, हा अब्बांचा नियम;
ओढणारा सुटला असला तरी
वस्तूचं तोंड सुटत नाही, म्हणायचे.

राहिलं शुद्ध स्पिरिट, मळीतून उतरलेलं, परवान्याचं.
पाईपच्या वाटीत जाडं मीठ भरलं, वरून थेंब थेंब,
आणि रात्रभर उभा करून ठेवला तांदळाच्या डब्यात.
सकाळी मीठ चहाच्या चोथ्यासारखं.
निपाणीच्या तंबाखूनं जे वर्षानुवर्षं भरलं
ते पंचगंगेकाठच्या उसानं एका रात्रीत वर ओढलं.
शेजारशेजारची पिकं. भांडण घरातलंच.

नळीला मात्र स्पिरिट चालत नाही.
अंबर म्हणजे झाडाचा चीक, कोट्यवधी वर्षं वाळलेला.
स्पिरिट लागलं की त्याला आपण चीक होतो ते आठवतं,
चिकटतं,
मग आंधळं होतं.
कोमट पाणी लावून बघितलं. पिवळा थर ढिम्म.
साबण, थोडा.
मग अब्बांचं ते औषध, जे ते गिऱ्हाइकासमोर
कधी काढत नसत: कापसाचा बोळा जिभेवर फिरवायचा.
थुंकी. अंगाच्या उबेची, भाताचा घास फोडणारी,
जाळत नाही, घाई करत नाही.

माझी थुंकी, सरांच्या दातांवर.
मी शटर अर्धं ओढलं.
पहिला बोळा तपकिरी, चौथा पिवळा, नवव्याला कापूस कापूस राहिला.
मध्ये एकदा चुकून वापरलेलाच तोंडात गेला.
दुपारभर कडू.

शनिवारी सर आले. मी विचारलं,
हे दातांचे खड्डे भरू का? लाख आहे, कळणार नाही कुणाला.
मान नाही म्हणाली, जोरात.
पाईप नाकाशी नेला त्यांनी, सवयीनं,
आणि तसाच धरून राहिले.
तेव्हा ध्यानात आलं माझ्या.
श्वास गळ्यातूनच ये-जा करतो आता,
नाकाच्या वाटेनं कुणी जात नाही.
पाईप माझ्याकडे केला. वहीत लिहिलं: राहिलाय का?

मी हुंगला. मीठ. स्पिरिटचा गारवा.
पार धुऊन काढलं की काय, पोटात गोळा आला.
परत हुंगला, डोळे मिटून, खोल.
आहे सर. तळाला आहे.
पेन्सिल: कसला?

शेजारी लेथ सुरू झाला, तेवढा वेळ मिळाला मला.
म्हटलं, गुऱ्हाळ उठल्यावर
न धुतलेली काहील असते ना, दुसऱ्या दिवशी,
उन्हात, तसा.

मजुरी दोनशे, त्यांनी तीनशे ठेवले, सुट्टे नव्हते.
मग गल्ल्यावर वही टेकवून
माझं वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं,
आणि उत्तराखाली मारतात तशा
खाली दोन रेघा मारल्या.