शनिवारचा जमाखर्च

पहाटे साडेचारला मी जिमचं कुलूप काढलं
तेव्हा सोळा पोरं दारात उभी,
पापण्यांवर हिम, हातांत अंड्यांचे ट्रे.
तेहतीस वर्षं ही फरशी पुसतोय मी,
पण शनिवारी एवढ्या लवकर आलेली पोरं
फक्त पॅनकेकच्या दिवशी पाहिली.

बँडला जूनमध्ये मिलवॉकीच्या परेडला जायचं होतं.
बसभाडं चार हजार दोनशे डॉलर.
म्हणून नाताळाआधीचा हा शनिवार:
ताटाला सहा डॉलर, पाच वर्षांखाली फुकट,
पोट म्हणेल तेवढे पॅनकेक.

फ्रेंच क्लब म्हणाला, आम्ही क्रेप करू.
शेती क्लब म्हणाला, त्यातून पलीकडचं दिसतं,
सहा डॉलर कोण देईल?
दोन आठवडे कोणी कोणाशी बोललं नाही.
बुद्धिबळ क्लबात तिघंच,
त्यांच्या वाट्याला भांडी.
वाल्डो नीमी म्हणाला, प्यादी आहोत, चालायचंच.

ऑर्डिस शिडीवर चढून
कागदाचे हिमकण छताला टांगत होती,
प्रत्येक वेगळा, प्रत्येक कात्रीनं कापलेला.
मी शिडी धरून होतो
आणि तिच्या खांद्यावरून
खिडकीबाहेर पाहत होतो.
सहाला रस्ता दिसत होता.
सातला नुसते खांब.
आठला खांबही गेले.

तीनशे माणसांचं पीठ कालवून तयार.
माणूस एक नाही.

भौतिकशास्त्राचे लिंडक्विस्ट सर
लाल झगा घालून खुर्चीत बसले होते
मांडीवर यायच्या पोरांची वाट बघत.
नऊला त्यांनी दाढी काढून शेजारी ठेवली,
दाढीला खुर्ची वेगळी.
ब्रिगिट गल्ल्यावर.
सुट्ट्या नाण्यांचे मनोरे रचायची, पाडायची,
पुन्हा रचायची.

साडेनऊला खडखडाट झाला.
बर्फ ढकलणारा ट्रक, आणि त्यातून रेनो हाउताला.
रात्रभर जागलेले डोळे, मिशीला बर्फाची झालर.
दुपारपर्यंत रस्त्यांचं काही खरं नाही,
एवढंच बोलून तो जेवायला बसला.
एकोणीस पॅनकेक. मोजले कोणीतरी.
चार क्रेपही खाल्ले,
आणि फ्रेंच क्लबकडे पाहून
अशी मान हलवली की
मादलीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.
वीसची नोट ठेवली त्यानं.
सुटे नकोत, म्हणाला.

ट्रक गेला. आता?
पीठ काही थांबत नाही, शेती क्लबचा टॉर्स्टन म्हणाला,
आणि त्यानं पुन्हा तवा पेटवला.
मग सगळं पीठ संपेपर्यंत भाजत राहिले.
मग वाद्यं काढली.
ऐकायला मी, एक दाढी,
आणि भांड्यांच्या फेसात कोपरापर्यंत बुडालेली
बुद्धिबळाची तीन प्यादी.
टुबा चुकला दोनदा.
कोणी थांबवलं नाही.

संध्याकाळी ब्रिगिटनं वहीत लिहिलं:
खर्च तीनशे बारा. जमा वीस.
खाली काही क्षण पेन टेकवून ठेवलं.
मग लिहिलं, शिल्लक: पॅनकेक दोनशे एक्क्याऐंशी.

ते फ्रीजरमध्ये गेले.
जानेवारीभर दर शुक्रवारी पॅनकेक,
फेब्रुवारीतही, आणि मार्चमध्ये
कोणीतरी फळ्यावर लिहिलं, दया करा.
बससाठी पुढे विक्री झाली कुकीजची,
मोटारी धुतल्या, पानं गोळा केली
म्हाताऱ्यांच्या अंगणातली.
तरी नऊशे कमी पडले.

जूनमध्ये परेड झाली.
मिलवॉकीला नाही, आमच्याच गावात,
लायब्ररीपासून पेट्रोलपंपापर्यंत, चार चौक.
रेनो सर्वांत पुढे, ट्रकमध्ये,
पाती वर उचललेली, जूनच्या उन्हात,
समोर ढकलायला काही नसताना.

परत आलो तेव्हा जिममध्ये
छताला एक कागदी हिमकण लटकत होता.
शिडी आणावी, काढावा, असं वाटलं.
शिडी अजून आणलेली नाही.