मान खाली घालायची नाही

तवंदीच्या घाटात गाडी हिसका द्यायची
तेव्हा मी आईची हनुवटी
दोन्ही तळव्यांत धरायचे,
भरल्या कळशीचा काठ धरावा तशी.
"सोड गं, लोकं बघत्यात."
लोक झोपले होते. संकेश्वरला एक जण उठला
आणि उतरून गेला.

बेळगावात एक्स-रेच्या खोलीतला पोरगा म्हणाला,
"तली बग्गसरी."
मग, "म्याल नोडरी."
आईनं मान वाकवली, मग छताकडं बघितलं.
बिडीच्या कट्ट्यावर शेजारची गंगव्वा
ह्याच बोलीत चुना मागते
तीस वर्षं.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा खिडकीला धरल्या.
पहिल्या मणक्याचं कडं.
त्या कड्यात, खालच्या मणक्यातून वर आलेला
एक दात.
"मानंत दात?" आई हसली,
"तोंडातलं पडाय लागलं, आनि हितं?"
दाताच्या पाठीमागून आडवा पट्टा असतो, ते म्हणाले,
दाताला कड्याशी आवळून धरणारा.
शिवाय दोन दोऱ्या वर कवटीला, डावी-उजवी,
"नको" म्हणताना मान गरगर फिरू नये म्हणून.
संधिवातानं आधी बोटं खाल्ली,
आता हा पट्टा.
वाकलं की कडं पुढं सरकतं, दात मागं राहतो,
आणि त्याच्या मागं करंगळीएवढी
सगळ्या अंगाची तार.
सात मिलिमीटर.

"म्हंजे दोरा ढिला पडलाय," आई म्हणाली.
"बिडीचं तसंच. पान कितीबी चांगलं असू दे."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ऑपरेशनला दीड महिना. तोवर कॉलर.
आणि मान खाली घालायची नाही,
अजिबात नाही, झोपेतसुद्धा.
आईनं माझ्याकडं बघितलं,
अख्खं अंग वळवून.
सातव्या वर्षापासून मांडीवर सूप
आणि सुपात मान. असलं काही
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी माल द्यायला गेलो निपाणीत.
भूपाल चेकरनं तीन कट्टे छाटात टाकले.
बायका उभ्या होत्या, फरशीकडं बघत.
"का गं अक्काताई? लई ताठ झालीस?"
"डॉक्टरनं सांगितलंया."
पुढचं मानेनं सांगता येईना,
म्हणून तोंडानं सांगावं लागलं तिला:
"न्हाई. त्यात छाट न्हाई. परत बघ."

त्यानं परत बघितलं.
दोन कट्टे परत आले.
तिसरा त्यानं ठेवूनच घेतला.

रात्री दोन तेलाचे डबे, त्यावर पाट,
पाटावर सूप, नाकासमोर.
वाकड्या बोटांनी गुंडाळते,
गाठ मारताना दोऱ्याचं टोक दातांत.
मी मागून कॉलरच्या पट्ट्यात बोट घालून बघते.
दोन बोटं जातायत.
"आवळू?"
मान हलत नाही.
दोरा सोडून म्हणते, "व्हय."