डोक्यासकट

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, गंगावेशीतल्या गोठ्यात
अप्पा गजरीच्या शिंगांना तेल चोळत होते.
फोन मी धरलेला, जरा तिरका,
त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

पलीकडं बसवंत. टेक्सासात नुकतं उजाडलेलं.
माझा चुलत भाऊ, ढोरांचा डॉक्टर,
आता हरणांचा.
त्याच्या मागं दोन पुरुष उंचीची जाळी,
जाळीमागं पांढऱ्या शेपटीचा एक नर
मान खाली घालून उभा,
वाळलेली अख्खी बाभळ डोक्यावर घेतल्यासारखा.

"दूध किती देतंय?" अप्पांनी विचारलं, मुद्दाम.
बसवंत हसला. शिंगं देतंय, काका.
मग सांगत बसला, शिकारी गिऱ्हाईक काय बघतं:
बुडाशी जाडी मनगटाएवढी,
फाटे किती, आणि एकेक फाटा किती लांब,
डाव्याला उजवं जुळतंय का,
दोन्हींतलं अंतर कानांच्याही बाहेर जातंय का.
टेपनं मोजायचं, इंचाच्या आठव्या भागापर्यंत,
सगळ्याची बेरीज एका आकड्यात,
आकड्यावर दर.
पेंड घालायची, खनिजं घालायची,
पाच वर्षं थांबायचं. तोवर गोळी नाही.
काहींना मात्र वाकडंच आवडतं,
खाली लोंबणारा एखादा चुकार फाटा.
त्याचे पैसे वेगळे.

अप्पांना हे कळत होतं.
गजरीची आज्जी त्यांनी बाजारातून आणली
ती सडं न बघता, शिंगं बघून:
खांद्यावरून मागं, पाठीला लागून, टोकाशी पुन्हा जरा वर.
आई चार दिवस बोलली नव्हती.

"रेडा कुठला वापरता?"
कांड्या, बसवंत म्हणाला, बर्फातल्या.
एका कांडीत आपल्या दोन म्हशी येतील.
"बापाची शिंगं बघून?"
"बापाची, आज्याची. मादीला शिंगंच नसतात, काका,
तिचं बघायचं तर तिच्या भावाचं बघायचं."
"म्हंजे सोयरीकच की," अप्पा म्हणाले.

मग त्यानं एक शेड दाखवली.
भिंतीला टेकवून शिंगांच्या जोड्या,
प्रत्येक जोडीवर खडूनं साल.
थंडी सरताना गळतात, आपोआप,
आणि पुन्हा येतात, मखमल पांघरून, आणखी मोठी.

अप्पांचा हात शिंगावरच थांबला.
"म्हंजे दर साली देतंय ते.
मग मारायचं कशाला?"

तिकडं कुणीतरी बादली आपटली.
"गळलेली चालत नाहीत, काका.
डोक्यासकट पाहिजे असतात.
भिंतीवर."

अप्पा काही बोलले नाहीत.
मला वाटतं त्यांना चंद्री आठवली.
लागोपाठ तीन पाडवे
सायलेन्सर काढलेल्या फटफटीमागं ती पळाली,
शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्या.
लोक शिंगांचे फोटो काढत होते,
दुधाचं कुणी विचारलं नाही.
चौथ्या वर्षी भाकड.
पहाटे टेम्पो आला. कुठला, ते अप्पांनी विचारलं नाही.
मी विचारलं. मी दहा वर्षांची होते.
मला जिलेबी मिळाली.

"बरं, ठेव आता," अप्पा म्हणाले, "रंग वाळतोय हितं."
रंगाचा डबा अजून उघडलाही नव्हता.

फोन बंद झाल्यावर त्यांनी सुतळीचा तुकडा घेतला,
गजरीच्या शिंगावर बुडापासून टोकापर्यंत धरला,
दोन हात आणि वर चार बोटं.
माझ्याकडं बघितलं
आणि सुतळी खिशात घातली, चोरल्यासारखी.

गजरीनं मान वळवली
आणि त्या तेलकट, लांबलचक टोकानं
पाठीवर जिथं माशी बसली होती तिथं
सावकाश खाजवलं.