तार, चार टक्के तांबं

सेकेशफेहेरवार. कारखान्यामागची प्रयोगशाळा, खोली सात.
बाहेर उणे नऊ.
काचेच्या नळीतली हवा उपसून टाकलेली
आणि तिच्यात टांगलेली एक तार:
ॲल्युमिनियम, शंभरात चार भाग तांबं.

मी तारेला केसाएवढा पीळ देते. सोडते.
भिंतीवर उजेडाचा ठिपका जातो, येतो, जातो.
नळीत वारा नाही, बिजागरी नाही, कुणाचा हात नाही,
तरी प्रत्येक झोका आधीच्याहून तोकडा.
अडवणारं जे आहे ते आतच.
तेवढंच मोजायचा मला पगार मिळतो.

भट्टी वेंडेलकाकांकडे. लोहाराचे नातू.
सोमवारी लालसर उजेडातून तार काढून पाण्यात सोडली, म्हणाले,
पोलादाला पाणी पाजलं की तिथल्या तिथे कडक होतं, एमोके.
हे येडं मऊ निघतं.
बोटाभोवती गुंडाळून दाखवली, अंगठीसारखी.
ठेवून दे. शुक्रवारी वाकवून बघ.

शुक्रवारी वाकेना.

मधले चार दिवस ती फडताळात होती, पावत्यांच्या खोक्याशेजारी.
घाईत जागच्या जागी कोंडले गेलेले तांब्याचे अणू
अंधारात एकेक करून एकमेकांपाशी सरकत होते.
लोणचं मुरतं, तसं. कुणी ढवळलं नाही.

छप्पन साली काकांचा भाऊ बेनेडेक धुक्यातून सरहद्दीपार गेला.
मीच डबा बांधून दिला, म्हणाले, हसलोसुद्धा.
राग नंतर आला. फार नंतर. बटाटे सोलताना.
लिंझहून पत्रं येतात. ते फोडत नाहीत.

आता मी तार तापवतेय, अंशाअंशाने.
एकशे साठच्या आसपास आलेख चढतो:
आत तांब्याने पातळ पापुद्रे धरलेत,
पीळ त्यांच्यापाशी अडखळतो.
आणखी तापवली, तर पापुद्रे जाड होतील, विरळ होतील,
तार पुन्हा मऊ पडेल.
हे मी काकांना सहज सांगितलं.

किती दिवस लागतात? त्यांनी विचारलं.
तारेला? मी म्हटलं. अडीचशेवर ठेवली तर दोन-तीन.
ते काही बोलले नाहीत.
हातमोजे काढून खिशात कोंबले, एकच आत गेला,
दुसरा फरशीवर पडला, तसाच राहिला.

ठिपका भिंतीवर.
एकशे बारा. एकशे तेरा.
यापुढचा झोका इतका लहान
की वहीत लिहावा की नाही.