वाडी नाक्यावर, मे महिना

फिरत्या घराखाली
उताणा झोपून मडावी म्हणतो,
"कन्व्हर्टर मेला नाही जी तुमचा."

बाहेर पंचेचाळीस.
मीटर सांगतो, दोनशे तीस आत येतात,
साडेतेरा निघायला हवेत,
निघतं शून्य.

"बॅटरी कोन लावली?"
मी गप्प.
लाल-काळ्याची अदलाबदल माझीच,
काल रात्री, अमरावती रोडवर,
टॉर्च दातांत धरून,
कुमुदशी भांडता भांडता.

तो तळहातावर दोन फ्यूज ठेवतो,
चिंचोक्याएवढे, काळे.
"हे जळले मनून बाकीचं वाचलं ना."

नवे बसतात.
कन्व्हर्टरचा पंखा गुरगुरतो,
सिंकवरचा दिवा लागतो, भर दुपारी, उगाच.

कुमुद ताक घेऊन उतरते.
पहिला पेला मडावीला.
दुसरा ती स्वतःच पिते,
माझ्याकडे बघत.